मायकोरायझा रोपवाटिकेत टाका, डीएपीच्या ढिगात नको

भाजीपाल्याची लागवड जवळ आली की कृषी सेवा केंद्रातून मायकोरायझाचा, म्हणजे मुळीशी जोडून राहणाऱ्या उपयुक्त बुरशीचा पुडा येतो, डीएपी, 10:26:26 ही स्फुरदाची (फॉस्फरसची) खतं आणि निंबोळी पेंड यांच्या बेसल डोसमध्ये, म्हणजे लागवडीआधीच्या मात्रेत मिसळला जातो आणि बेडवर फेकला जातो. वर मल्चिंग पेपर, त्यावर लागवड. महिन्याभराने फरक विचारला तर उत्तर ठरलेलं: "पांढरी मुळी जोरात आहे." मायकोरायझा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि मुळीचा पांढरेपणा हा तिचा पुरावाही नाही. डीएपीच्या दाण्याशेजारी पडलेली ही बुरशी मुळीत शिरण्याची शक्यता मुळातच कमी. काही पुडे बोगस असतात हे खरं, पण चांगला पुडासुद्धा चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी टाकला की मातीमोलच.

आधी ही बुरशी करते काय ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. भाजीपाल्यात कामाची ती आर्बस्क्युलर मायकोरायझा; दुकानात तिलाच व्हॅम म्हणतात. पुड्यावर बहुधा रायझोफॅगस इररेग्युलॅरिस किंवा तिचं जुनं नाव ग्लोमस इंट्रारॅडिसेस असतं. ही अर्धी मुळीच्या आत आणि अर्धी मातीत राहते. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलत नाही. मुळीभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा शोषून झाला की पुढचा स्फुरद समोर असूनही हाती लागत नाही. बुरशीचे तंतू 2 ते 10 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केशमुळांहूनही बारीक. ते हा रिकामा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर पुढे जातात आणि तिथला स्फुरद, जस्त, तांबं मुळीपर्यंत आणतात. बदल्यात झाड पानात तयार केलेल्या अन्नातला 4 ते 20 टक्के वाटा बुरशीला देतं.

स्फुरद विरघळवणारे पीएसबी जिवाणू वेगळे. मायकोरायझा मुख्यतः मातीच्या पाण्यात आधीच उतरलेला स्फुरद लांबून गोळा करते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी. दोन्हीकडे मुळीजवळ तो तोकडा पडतो, म्हणून दोन्हीकडे हिचा उपयोग आहे.

आता मेख अशी की झाड हा सौदा गरज असेल तरच करतं. आयता स्फुरद मिळाला की ते बुरशीला आत घेणं कमी करतं. फुकट साखर कोण देईल? त्यामुळे पुडा घेण्याआधी मृदा आरोग्य पत्रिकेतला उपलब्ध स्फुरदाचा आकडा बघा. हेक्टरी 10 किलोच्या खाली असेल तर फरक दिसण्याची शक्यता चांगली. 10 ते 25 च्या दरम्यान असेल तर बेसलमधला स्फुरद निम्मा करूनच हिचा विचार करावा. 25 च्या बराच वर असेल तर मायकोरायझाचे पैसे शेणखतावर घाला. ठिबकमधून वर्षानुवर्षं 12:61:00 आणि 0:52:34 ही भरपूर स्फुरदाची खतं सोडलेले टोमॅटोचे, ढोबळीचे प्लॉट बहुधा याच तिसऱ्या गटात असतात, आणि नेमका तिथेच मायकोरायझाचा खप जास्त.

कोणाला लागते, कोणाला नाही

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी मंडळी मायकोरायझाला मुळीत घेतच नाहीत. पालक आणि बीटही नाही. माठ-राजगिऱ्यातही ती नसल्यात जमा. कोबीच्या रोपांना "व्हॅमची ट्रीटमेंट" देणारी रोपवाटिका पैसे घेते ते कशाचे, हा प्रश्न जरूर विचारावा.

सगळ्यात जास्त गरज कांद्याला. त्याच्या मुळ्या जाड, कमी फांद्यांच्या, उथळ आणि केशमुळं जेमतेम. मायकोरायझा नसेल तर स्फुरद ओढण्यात कांदा फार कमी पडतो. लसूण त्याचाच भाऊबंद. त्यानंतर मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी-कारल्यासारखे वेल, घेवडा-चवळी.

पीकक्रमात याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. जमिनीत ही बुरशी मुळातच असते, पण जिवंत मुळी मिळाली तरच टिकते. कोबी किंवा फ्लॉवर काढून लगेच कांदा लावला, किंवा रान बराच काळ उघडं पडीक ठेवलं, तर आधीची संख्या घटलेली असते. त्यात दोन-तीनदा रोटाव्हेटर मारला की मातीतलं तंतूंचं जाळंही तुटतं. अशा रानात बाहेरून दिलेली मायकोरायझा सर्वाधिक फेडते. उलट ज्वारी, बाजरी, मका, सोयाबीन किंवा ताग निघालेल्या रानात ती पुरेशी असू शकते, मग पुड्याचा फरक कमी दिसतो.

ट्रेमधली पद्धत

मायकोरायझा द्यायची उत्तम जागा म्हणजे रोपाचा ट्रे. कोकोपीटमध्ये ही बुरशी जवळपास नसतेच, स्पर्धा कमी असते आणि बी उगवल्याबरोबर मुळी थेट कल्चरमधून, म्हणजे बुरशी वाढवलेल्या मिश्रणातून जाते. शिवाय हिशेब बघा. एकरी 5,500 टोमॅटो रोपं धरली तर तूट धरून 104 कप्प्यांचे 55 ते 60 ट्रे लागतात. ट्रेला साधारण 1.2 किलो कोकोपीट, म्हणजे सगळं मिळून 70 किलो. त्यात माती किंवा व्हर्मिक्युलाइटवर वाढवलेलं साधं कल्चर 10 टक्के, म्हणजे 7 किलो. हेच कल्चर शेतात रोपामागे 20 ग्रॅम द्यायचं म्हटलं तर 110 किलो लागेल. शेतात कमी टाकून भागवलं की मुळीला कल्चर भेटतच नाही.

विकतच्या पावडरीत कमी वजनात जास्त बुरशी असेल तर वजनावर जाऊ नका, पुड्यावर ग्रॅममागे किती जिवंत प्रॉपग्युल्स लिहिलेत ते वाचा. प्रॉपग्युल्स म्हणजे बीजाणू, तंतूंचे तुकडे आणि बुरशी असलेल्या मुळांचे तुकडे, सगळे मिळून. कप्प्यामागे शंभराच्या आसपास जातील इतकं प्रमाण ठेवावं. ग्रॅमला 100 असतील तर कप्प्याला एक ग्रॅम. ज्या पुड्यावर हा आकडा नाही, बनवल्याची तारीख नाही, पण "ह्युमिक, सीवीड, अमिनो, मायकोरायझा" अशी यादी आहे, तो घेऊ नये.

कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुवावी. ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा) 1 च्या खाली आला पाहिजे. मूठ दाबल्यावर चार-दोन थेंब पडतील इतपत ओल असताना कल्चर मिसळावं, फार ओल्यात गोळे होतात. 10 टक्के गांडूळखत घातलं तर स्फुरदाची किमान गरज भागते. मिसळलेलं मिश्रण त्याच दिवशी ट्रेमध्ये भरावं. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, वर कोकोपीटचा पातळ थर. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतो तेव्हा थप्पी सावलीत हवी. उन्हात आतली वाफ बी आणि बुरशी दोन्ही मारते. टोमॅटोची थप्पी तीन-चार दिवसांत, मिरचीची आठवड्याच्या आत मोडावी.

चूक होते ती पुढे. उगवण झाली की आठवड्यातून दोनदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), मग "मुळी सुटावी" म्हणून 12:61:00. मायकोरायझा दिलेल्या ट्रेला हा रतीब चालत नाही. पहिले दहा दिवस साधं पाणी. नंतर कॅल्शियम नायट्रेट आणि 13:0:45 ही स्फुरद नसलेली खतं आलटून-पालटून, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, दोन्ही एका पाण्यात न मिसळता. पानं खालून जांभळी पडली तर 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, एकदाच. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही पानं जांभळी होतात, तेव्हा लगेच स्फुरदाकडे धावू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मायकोरायझाचं रोप शेजारच्या साध्या रोपापेक्षा किंचित लहान दिसू शकतं. बुरशी मुळीत बसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या काळात ती फक्त खाते. गर्द सावलीत हे जास्त जाणवतं, कारण झाडाकडेच अन्न कमी. त्यामुळे 50 टक्क्यांच्या शेडनेटवर दुसरी नेट टाकू नये. फरक दिसायचा तो पुनर्लागवडीनंतर: रोप कमी मान टाकतं, लवकर रुजतं. टोमॅटोचं रोप 22-25 दिवसांत निघतं, म्हणजे बुरशी जेमतेम बसलेली असते. मिरचीच्या 35-40 दिवसांत ती चांगली स्थिरावते. मिरचीत निकाल जास्त खात्रीचा दिसतो त्याचं हेही एक कारण असावं.

रोपं बाहेरून आणली असतील तर दुसरा पर्याय म्हणजे कल्चरचा पातळ लगदा करून त्यात मुळांचा गड्डा बुडवून लावणं. मल्चिंगच्या भोकातून नंतर आळवणी करणं, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणं, हा तिसरा आणि सर्वांत कमकुवत. ड्रिपमधून तर दाणेदार किंवा खरखरीत पावडर देऊच नये, ड्रिपर चोंदतात.

कांद्याचा गादीवाफा

एक एकर कांद्याला साधारण दोन गुंठे, म्हणजे 200 चौरस मीटर रोपवाटिका. साधं कल्चर चौरस मीटरला 100 ग्रॅम, एकूण 20 किलो. ते वाफ्यावर विसकटून टाकण्यात अर्थ नाही. एक मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर आडव्या रेघा पाडायच्या, रेघेत कल्चर, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर माती, मग बी. मुळी खाली उतरताना कल्चरच्या थरातून गेलीच पाहिजे. फेकून पेरणी करायचीच असेल तर वरचा थर बाजूला सारून कल्चर पसरा आणि माती परत ओढा. वाफ्यात सिंगल सुपर फॉस्फेट नेहमीच्या निम्मं पुरे.

मर (रोपं सुकून किंवा कोलमडून मरणं) टाळण्यासाठी एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून 25 मायक्रॉनच्या पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे तापवला असेल तर उत्तमच. पण त्या उष्णतेत जमिनीतली मूळची मायकोरायझाही बरीच कमी होते. कल्चर द्यायचं ते तापवल्यानंतर, आधी नाही.

बुरशीनाशकं

रोपवाटिकेत कार्बेन्डाझिमची आळवणी म्हणजे मायकोरायझावर पाणी सोडणं. थायोफनेट मिथाइल शेवटी त्याच रसायनात बदलतं, तेही तसंच. कॉपर ऑक्सिक्लोराइडची जमिनीतली आळवणीही तिला मानवत नाही. मेटॅलॅक्झिल आणि फोसेटिल-एएल मात्र पिथियम-फायटोप्थोरा या रोगकारकांच्या गटावर काम करतात. तो गट खऱ्या बुरशांचा नव्हे, त्यामुळे मायकोरायझाला फारशी इजा होत नाही. संकरित बियाण्यावरचा थायरमचा लेप थोडका असतो आणि मुळी त्यातून लवकर बाहेर पडते, त्याची चिंता नको. पानांवरच्या फवारणीचा प्रश्नही किरकोळ, फक्त द्रावण ओघळून ट्रे भिजेपर्यंत फवारू नये.

मग रोपं कोलमडू नयेत म्हणून काय? इथे दुसरी बुरशी येते.

ट्रायकोडर्मा: स्वभावच वेगळा

मायकोरायझा जिवंत मुळीशिवाय वाढत नाही, ट्रायकोडर्मा शेणखतावर, पाल्यापाचोळ्यावर, शिजवलेल्या ज्वारीवरही वाढते. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गूळ-बेसन घालून मायकोरायझा "मल्टिप्लाय" करायची जी कृती मोबाइलवर फिरते, ती त्यामुळेच निरर्थक. त्या ड्रममध्ये काहीतरी वाढतं, पण ते मायकोरायझा नसतं. ट्रायकोडर्माचंही ड्रममध्ये बहुधा वाटोळं होतं, कारण गुळाच्या पाण्यात जिवाणू आणि यीस्ट तिला मागे टाकतात. तिला शेणखत द्या.

एक किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची. खत कच्चं असेल तर आतून तापतं आणि बुरशी जाते; ढिगात हात घातल्यावर गरम लागलं की थांबा. ओल मुठीत गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतकी. सावलीत ढीग करून गोणपाटाने झाकायचा, तीन-चार दिवसांनी पलटायचा, पाण्याचा हबका मारायचा. दहा-पंधरा दिवसांत ढिगात आधी पांढरी, मग हिरवट बुरशी दिसते. लागवडीच्या आधी सरीत देऊन मातीआड करायचं. उन्हात पसरून ठेवलं तर आठवड्याची मेहनत दुपारभरात जाते.

बीजप्रक्रियेला किलोला 5 ग्रॅम, गादीवाफ्याला चौरस मीटरला 10 ते 25 ग्रॅम शेणखतातून. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांकडे तसंच अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ताजी पावडर मिळते, ती आधी बघावी. ग्रॅमला निदान 20 लाख जिवंत घटक (2 गुणिले 10 चा सहावा घात) आणि तारीख सहा महिन्यांच्या आतली. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेला पुडा तारखेत असला तरी भरवशाचा नाही. पुड्यावर ट्रायकोडर्माची व्हिरिडी ही जात असो की हर्झियानम, शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक नगण्य; भारतात व्हिरिडी म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक वाणांची ओळख पुढे अ‍ॅस्परेलम अशी पटली.

ट्रायकोडर्मा पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम, स्क्लेरोशियम या मर आणणाऱ्या रोगकारकांशी जागेसाठी आणि अन्नासाठी झगडते, त्यांच्या तंतूंना वेढून भिंती विरघळवते. पण हे काम रोग येण्याआधीचं. रोपं कोलमडायला लागल्यावर आळवणी करून ती उभी राहत नाहीत. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी झाली असेल तर 10-15 दिवसांचं अंतर ठेवा.

दोन्ही एकत्र द्याव्यात का? ट्रायकोडर्मा इतर बुरशा खाऊन जगणारी, आणि तिने मायकोरायझाचे तंतूही पोखरल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शेतात बहुतेक वेळा दोघी नांदतात, मात्र क्रम महत्त्वाचा: ट्रेमध्ये आधी मायकोरायझा, ती मुळीत शिरली की दोन-तीन आठवड्यांनी किंवा थेट लागवडीच्या शेणखतातून ट्रायकोडर्मा. एकाच बादलीत दोन्हींचा लगदा कालवण्याची घाई नको.

घरचं कल्चर

मायकोरायझा वाढवायची तर मुळीवरच. एक मीटर लांब-रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल खड्डा, आत काळं प्लास्टिक. 50 किलो व्हर्मिक्युलाइट आणि 5 किलो निर्जंतुक केलेली माती यांचा 20 सेंटिमीटर थर. वरून दोन ते पाच सेंटिमीटर खाली एक किलो खात्रीचं कल्चर. त्यावर मका दाट पेरायचा, बी 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटं बुडवून स्वच्छ धुतलेलं. खत मुद्दाम नाममात्र: पेरताना 2 ग्रॅम युरिया, 2 ग्रॅम सुपर फॉस्फेट, 1 ग्रॅम पोटॅश, पुढे 30 आणि 45 दिवसांनी 10-10 ग्रॅम युरिया. मका पिवळट दिसतो, दिसू द्या. 60 दिवसांनी शेंडे कापून टाका, मुळं बारीक चिरून त्याच मिश्रणात कालवा. सुमारे 55 किलो कल्चर मिळतं, चौरस मीटरला 100 ग्रॅमने 550 चौरस मीटर वाफ्याला पुरेल इतकं. काढणीआधी दहा-बारा दिवस पाणी तोडलं तर बीजाणू जास्त धरतात. सावलीत वाळवून गोणीत, थंड कोरड्या जागी ठेवावं.

यात धोका एकच, पण मोठा: सुरुवातीचं कल्चर किंवा माती सूत्रकृमीची (मुळांवर गाठी करणाऱ्या सूक्ष्म कृमींची) निघाली तर 55 किलो सूत्रकृमीच तयार होतात. म्हणून टोमॅटो-वांग्याच्या रानातली माती मुळीच नको, आणि काढताना मक्याच्या मुळ्यांवर विश्वासून राहू नका, कारण मक्यावर गाठी स्पष्ट दिसत नाहीत. खड्ड्याच्या कोपऱ्यात दोन टोमॅटोची रोपं लावून ठेवा. त्यांच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सगळा खड्डा बाद.

बसली की नाही, कसं कळणार

लागवडीच्या वेळी चार-सहा रोपांच्या बारीक मुळ्या धुऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 90 अंशांवर पारदर्शक होईपर्यंत गरम करतात, नीट धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी शाई घालून तीन मिनिटं उकळतात, मग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात रंग उतरवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मुळीच्या आत निळसर-काळे तंतू आणि फुगे दिसतात. हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं, तेव्हा हातमोजे-चष्म्याशिवाय नको. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून घेतलं तर उत्तम.

याहून सोपी गोष्ट म्हणजे चार ट्रे कल्चरविना ठेवायचे आणि त्याच प्लॉटमध्ये वेगळ्या ओळीत लावायचे. तोडणीचं वजन त्या ओळीचं वेगळं लिहायचं. फळांच्या गोडीबद्दल पुड्यावर जे छापलेलं असतं त्याला फार महत्त्व देऊ नये. जस्ताची कमतरता असलेल्या रानात फळातलं जस्त वाढणं आणि पाण्याचा ताण पडल्यावर फुलगळ कमी होणं, हे फायदे जास्त पटण्यासारखे.

आणि मर दिसली की बुरशीचं औषध ओतण्याआधी एक खातरजमा. खोडाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर तो स्क्लेरोशियम. ते झाड मातीसकट उपटून बाहेर न्यावं आणि पुढच्या हंगामात ट्रायकोडर्मा-शेणखताची मात्रा तिथे वाढवावी. तसं काही नसेल आणि झाड हिरवंच सुकत असेल तर खोडाचा बुडाजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात अधांतरी धरा. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी रेघ खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिच्यावर ना ट्रायकोडर्माचा इलाज, ना मायकोरायझाचा. त्या रानात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा सोडून दोन-तीन वर्षं मका किंवा ज्वारी घ्यावी, आणि टोमॅटो-वांगी हवीच असतील तर प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं लावावीत.